मचाण, मशाल आणि कॅमेरा ट्रॅप

दर चार वर्षांनी देशातल्या वाघांचा नवा आकडा जाहीर होतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्या बातमीशेजारी वाघाचा एक रुबाबदार फोटो झळकतो. तो बहुधा सफारीच्या जिप्सीतून कोणीतरी काढलेला असतो. आकडा ज्या फोटोंवरून निघतो ते मात्र कोणी छापत नाही, कारण ते छापण्याजोगे नसतातच. कुठे वाघाचं अर्धंच धड चौकटीत आलेलं, कुठे फ्लॅशने डोळे पांढरेफटक पडलेले, खाली तारीख, वेळ आणि तापमान. २०१८ च्या गणनेत असे ३ कोटी ४८ लाखांहून अधिक फोटो जमा झाले. त्यांत वाघाचे होते ७६,६५१ आणि बिबट्याचे ५१,७७७. बाकीच्यांत सांबर, चितळ, रानडुकरं, चरायला आलेली गुरं, वाऱ्याने हललेलं गवत आणि माणसं.

हे फोटो काढणाऱ्या पेटीला वनखात्यात, संशोधकांत आणि आता जंगलालगतच्या गावांतही ‘कॅमेरा ट्रॅप’ म्हणतात. करड्या-हिरव्या रंगाची, झाडाला पट्ट्याने आवळलेली ही पेटी आपल्याला अगदी अलीकडची वाटते. पण तिचं घराणं सव्वाशे वर्षांचं आहे आणि त्याचं मूळ शिकाऱ्यांच्या विद्येत आहे. हा मागोवा घेताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. दर टप्प्यावर कॅमेरा एकाच्या हातात असतो आणि तो कुठे रोखायचा हे सांगणारा माणूस दुसराच असतो. इतिहासात नाव पहिल्याचं राहतं.

पेटी बांधायची कुठे?

मेळघाटात, पेंचमध्ये किंवा ताडोबात गणनेच्या दिवसांत कॅमेरे कसे लावतात ते जवळून पाहण्यासारखं असतं. नकाशावर जंगलाचे दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडलेले असतात आणि प्रत्येक चौकोनात कॅमेऱ्यांची एक जोडी बसवायची असते. जोडी अशासाठी, की वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. एकच बाजू मिळाली तर एकाच वाघाचे दोन वाघ मोजले जाण्याची भीती. म्हणून वाटेच्या दोन्ही अंगांना, गुडघ्याच्या उंचीवर, एकमेकांसमोर पण किंचित सरकवून कॅमेरे बांधतात. अगदी समोरासमोर बांधले तर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या भिंगात जातो आणि दोन्ही फोटो वाया. समोरचं गवत छाटायचं, नाहीतर दुपारच्या झळांत हलणारं पातंसुद्धा शेकड्यांनी फोटो काढून घेतं. मग एक वनमजूर हातापायांवर रांगत समोरून जातो. दिवा लुकलुकला की जोडी लागली.

चौकोन नकाशा ठरवतो, पण चौकोनातलं नेमकं झाड कोणतं हे नकाशाला सांगता येत नाही. ते सांगतो त्या बीटचा, म्हणजे गस्तीच्या हद्दीचा, वनरक्षक आणि त्याच्याबरोबरचा गोंड किंवा कोरकू वनमजूर. नाल्याचं कोणतं वळण वाघाच्या येण्याजाण्याचं आहे, विष्ठा कुठल्या फाट्यावर सापडते, कोणत्या झाडावर नखांचे ओरखडे ताजे आहेत, उन्हाळ्यात कोणता पाणवठा शेवटपर्यंत टिकतो, हे पायी गस्त घालणाऱ्यालाच ठाऊक असतं. हे काम जोखमीचंही आहे. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबात व्याघ्रगणनेसाठी खुणांची नोंद घेत पायी निघालेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावली.

नावेच्या टोकावरची मशाल

प्राण्याने आपला फोटो आपणच काढावा ही कल्पना जंगलात जन्मली नाही. १८७८ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजने शर्यतीच्या धावपट्टीलगत १२ कॅमेरे ओळीने मांडले आणि त्यांच्या दोऱ्या धावपट्टीवर आडव्या ताणल्या. घोडी धावत गेली तशा एकेक दोऱ्या तुटल्या आणि एकेक कॅमेरा उघडला. धावताना घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, एवढाच प्रश्न होता आणि तो सुटला. ताणलेल्या दोरीची युक्ती मात्र मागे राहिली.

ती जंगलात नेली जॉर्ज शायरस तिसरे यांनी. पेनसिल्व्हानियाचे हे वकील उन्हाळ्यात मिशिगनमधल्या व्हाइटफिश लेकवर शिकारीला जात. तिथल्या ओजिब्वे लोकांची रात्रीच्या शिकारीची एक पद्धत होती. होडीच्या टोकाशी तव्यात आग पेटवायची, शिकाऱ्याने तिच्यामागच्या अंधारात दबा धरून बसायचं आणि वल्ह्याचा आवाज न करता काठाकाठाने जायचं. पाण्यावर आलेलं हरीण उजेडाकडे टक लावून उभं राहतं. त्याचे डोळे चमकले की त्यांच्या मधोमध नेम. शायरस ही विद्या शिकले, तिच्या जोरावर शिकार केली आणि मग त्याच होडीत बंदुकीच्या जागी कॅमेरा ठेवला. वल्हं मारायला जॉन हॅमर नावाचा त्यांचा वाटाड्या असे. फ्लॅश म्हणजे मॅग्नेशियमची पूड. ती पेटली की बार उडाल्यासारखा आवाज, क्षणभर लख्ख उजेड आणि मग डोळ्यांपुढे अंधारी.

पुढची पायरी म्हणजे होडीतही कोणी नको. शायरस पाणवठ्याच्या वाटेवर दोरी ताणून किंवा आमिषाला दोरी बांधून कॅमेरा सोडून येऊ लागले. दोरीला झटका बसला की पूड पेटायची आणि पडदा उघडायचा. होडीच्या पद्धतीने १९०२ मध्ये ऑन्टारियोतल्या लून लेकच्या काठावर त्यांनी टिपलेला लिंक्स आजही पाहावा असा आहे. काळ्याकुट्ट रात्री पाण्याच्या कडेला बसलेलं रानमांजर, खाली पाण्यात त्याचं प्रतिबिंब, आणि नजर थेट कॅमेऱ्याकडे. घाबरलेलं नाही, पळत नाही. गोळी लागण्यापूर्वी शिकाऱ्याला जे दिसतं तेच आता घरबसल्या कोणालाही दिसत होतं.

जुलै १९०६ च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’ने शायरस यांचे ७४ फोटो एकाच अंकात छापले. संस्थेच्या व्यवस्थापन मंडळातल्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. विद्वानांच्या नियतकालिकाचं चित्रांचं पुस्तक होतंय, अशी त्यांची तक्रार होती. वाचकांना मात्र हा अंक फार आवडला आणि मासिकाची पुढची वाट तिथेच ठरली. शायरस फोटो काढून थांबले नाहीत. अमेरिकी काँग्रेसचे सदस्य असताना १९०४ मध्ये त्यांनी स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणाचं विधेयक मांडलं. तोच धागा पुढे १९१३ च्या आणि १९१८ च्या कायद्यांपर्यंत गेला. शायरस यांचं नाव राहिलं, मूसच्या एका उपजातीलाही ते दिलं गेलं. ज्यांच्या मशालीवर हे सगळं उभं राहिलं, त्या ओजिब्वे शिकाऱ्यांपैकी एकाचंही नाव सहसा कोणाला सांगता येत नाही.

त्याच सुमारास जर्मनीचा कार्ल गेओर्ग शिलिंग्स पूर्व आफ्रिकेत हेच करत होता. आमिष म्हणून जनावर बांधायचं, सिंह आला की फ्लॅश. त्याच्या १९०५ च्या पुस्तकाच्या नावात फ्लॅश आणि बंदूक शेजारी शेजारी आहेत. बंदूक अजून सुटली नव्हती.

तराईतली तार

भारतात ही तार आली ती वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन यांच्याबरोबर. संयुक्त प्रांताच्या जंगलखात्यात, शिवालिक आणि तराईच्या साल जंगलांत ते काम करत. तो काळ राजेरजवाड्यांच्या आणि लाटसाहेबांच्या शिकारीचा. हाकारे जंगल उठवणार, मचाणावरून किंवा हत्तीवरून बार निघणार आणि मग मेलेल्या वाघावर पाय ठेवून फोटो. भारतातल्या वाघाचे त्या काळचे बहुतेक फोटो हे असे प्रेतांचे आहेत. चँपियन यांना जिवंत वाघ हवा होता, तोही आपल्या वाटेने निवांत चाललेला.

त्यांनी जंगलवाटेवर बारीक तार ताणली आणि कॅमेरा व फ्लॅशची पूड तिला जोडली. १९२५ च्या ऑक्टोबरात ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने त्यांचे वाघाचे फोटो पहिल्या पानावर घेतले. १९२७ मध्ये त्यांचं ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ प्रसिद्ध झालं. जिम कॉर्बेट बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे वळले त्यामागे चँपियन यांची प्रेरणा होती. या दोघांच्या प्रयत्नांतून १९३६ मध्ये भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. आज ते कॉर्बेट यांच्या नावाने ओळखलं जातं.

चँपियन यांच्या हाती आणखी एक गोष्ट लागली होती. फोटो शेजारी ठेवून पाहिले तर प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे दिसतात आणि त्यांवरून वाघ ओळखता येतो. पुढच्या सगळ्या व्याघ्रगणनेचं बीज या निरीक्षणात होतं. ते रुजायला मात्र साठ-पासष्ट वर्षं लागली.

काच, प्लॅस्टर आणि पाऊल

मधल्या काळात आपण वाघ मोजले ते पावलांवरून. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत बसवली. वाघाच्या ठशावर काच ठेवायची, तिच्यावर ठशाची आकृती गिरवायची, तिथून ती कागदावर उतरवायची, जमलं तर प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा साचा घ्यायचा. आकारावरून आणि रुंदीवरून वाघ वेगळे करायचे. १९७२ च्या देशव्यापी गणनेत या पद्धतीने १,८२७ वाघ निघाले आणि त्या आकड्याच्या धक्क्यातून १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ क्षेत्रांत आपलं मेळघाट होतं.

पद्धतीतली खोट सगळ्यांना दिसत होती. वाळूत उमटलेला ठसा आणि चिखलात उमटलेला ठसा एकाच वाघाचा असला तरी वेगळा दिसतो. गिरवणाऱ्या हातागणिक आकृती बदलते. वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांनी पिंजऱ्यातल्या मोजक्या वाघांचे ठसे अनुभवी माणसांपुढे ठेवले, तर वाघ किती यावर त्यांची उत्तरं जुळेनात. तरीही काच आणि प्लॅस्टर चालूच राहिलं. मग २००५ च्या सुरुवातीला राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं. कागदावर ते होते. चोरट्या शिकाऱ्यांनी ते कधीच संपवले होते.

कारंथ यांनी पर्याय आधीच तयार ठेवला होता. कर्नाटकातल्या नागरहोळेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते कॅमेरा ट्रॅप लावत होते. ताणलेल्या तारेची जागा आता इन्फ्रारेड किरणाने घेतली होती. या यंत्रांचा बाजार उभा केला होता अमेरिकेतल्या हरणांच्या शिकाऱ्यांनी. हंगामाआधी कोणत्या वाटेने मोठा नर जातो हे त्यांना हवं असे. म्हणजे शिकाऱ्याच्या होडीतून निघालेला कॅमेरा फिरून शिकाऱ्याच्याच दुकानातून संशोधकाकडे आला.

कारंथ यांनी त्याला जोड दिली एका गणिताची. हे गणित मूळचं माशांचं आणि बदकांचं. समजा, पहिल्या फेरीत २० वेगवेगळे वाघ टिपले गेले. दुसऱ्या फेरीतही २० आले आणि त्यांतले १० आधीचेच निघाले. याचा अर्थ पहिल्या फेरीत एकूण वाघांपैकी साधारण निम्मेच सापडले होते, तेव्हा वाघ ४० च्या आसपास. प्रत्यक्षातली सूत्रं याहून बरीच किचकट आहेत, पण मुद्दा हाच. जे दिसले त्यांवरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधता येतो, आणि तो बांधायचा तर हा वाघ तोच आहे हे खात्रीने सांगता यायला हवं. ती खात्री पट्टे देतात. कारंथ यांचा यावरचा शोधनिबंध १९९५ मध्ये आला, जेम्स निकोल्स यांच्याबरोबरचा १९९८ मध्ये.

सरिस्कानंतर सरकारने पद्धत बदलली. २००६ च्या फेरीत देशात १,४११ वाघ निघाले. आकडा खाली आला म्हणून खळबळ उडाली, पण आता तो तपासता येत होता. २०२२ च्या फेरीत ३२,५८८ ठिकाणी कॅमेरे लागले, ३,०८० वेगवेगळे वाघ फोटोत आले आणि एकूण अंदाज निघाला ३,६८२. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यांतले ४४४. पट्ट्यांच्या या नोंदवहीचा उपयोग मोजणीपुरता नाही. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंगघाट अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ आला, तेव्हा पट्टे जुळवून कळलं की तो यवतमाळच्या टिपेश्वरहून आला आहे. मधलं सुमारे ५०० किलोमीटरचं अंतर शेतं, रस्ते आणि गावं ओलांडून.

उसातला बिबट्या, आरेतली गल्ली

या घराण्याला खरं नवं वळण मिळालं ते महाराष्ट्रात. तोवर कॅमेरा ट्रॅप जंगलात लावायचा, हे गृहीत होतं. वन्यजीव संशोधक विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अहिल्यानगर (तेव्हाच्या नगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, उसाच्या शिवारात लावला. दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसं, आसपास जंगल नाही, बिबट्याने खावं असं मोठं रानजनावर नाही. तरी १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळपास तेवढेच तरस निघाले. २०१३ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. ‘बिबट्या जंगलातून वाट चुकून गावात येतो’ ही ठरीव बातमी त्याने निकालात काढली. बिबट्या तिथेच जन्मतो, तिथेच वाढतो, रात्री गोठ्यामागून जातो. गावकऱ्यांना हे ठाऊक होतं. शहरातल्या वाचकाला त्यासाठी फोटो लागला.

मुंबईतही तेच घडलं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात निकित सुर्वे यांच्या २०१५ च्या अभ्यासात ३५ बिबटे कॅमेऱ्यात आले, पुढच्या एका अभ्यासात ४७. छायाचित्रकार नयन खानोलकर यांनी आरे वसाहतीच्या कडेला, वारली वस्तीतल्या एका अरुंद बोळात कॅमेरा लावला. फ्लॅशचा उजेड त्यांनी गल्लीतल्या दिव्यांशी मिळताजुळता ठेवला. फोटोत दोन्हीकडे घरांच्या भिंती आहेत आणि मधून बिबट्या शांतपणे चालला आहे. २०१६ मध्ये ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागाचा पुरस्कार या फोटोला मिळाला. तो जगभर गाजला कारण त्यात भय नाही. बिबट्या शेजारी असल्यासारखा वावरतो आणि वारली त्याला तसंच वागवतात. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या पट्ट्यात वाघोबा या देवाची १५० ठाणी संशोधकांनी २०२१ च्या एका निबंधात नोंदवली आहेत. वाघ-बिबट्याबरोबर राहायचे नियम त्या ठाण्यांवर फार आधीपासून पाळले जात होते.

लॉस एंजेलिसची गोष्ट याच जातीची. २०१२ मध्ये शहराच्या मधोमध असलेल्या ग्रिफिथ पार्कमध्ये एक प्यूमा कॅमेऱ्यात आला. पुढच्या वर्षी छायाचित्रकार स्टीव्ह विंटर यांनी ‘हॉलिवूड’च्या भल्यामोठ्या अक्षरांखाली तोच प्यूमा टिपला. ‘पी-२२’ या नावाने तो शहराचा लाडका झाला आणि महामार्गावरून वन्यप्राण्यांना जाता यावं म्हणून उभारल्या जाणाऱ्या पुलासाठी लोकांनी पैसे दिले ते बरेचसे त्याच्यामुळे. शायरस यांच्या फोटोंमागोमाग कायदा आला होता, या फोटोमागे पूल.

चौकटीत आलेली माणसं

इथवर ही गोष्ट चांगल्याची आहे. पण पेटीला वाघ आणि माणूस यांत फरक कळत नाही. समोरून ऊबदार अंग गेलं की ती फोटो काढते. आणि आपल्या जंगलांत सर्वांत जास्त पायी फिरतात त्या सरपणाला, मोहाला, तेंदूपत्त्याला जाणाऱ्या बायका.

केंब्रिज विद्यापीठातले त्रिशांत सिमलाई यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या गावांत १४ महिने काढून सुमारे २७० जणांशी बोलून केलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. चँपियन यांनी जिथे तार ताणली त्याच मुलखातला हा अभ्यास. जंगल ही तिथल्या बायकांची घराबाहेरची मोकळी जागा. तिथे त्या मनासारखं बोलतात, मोठ्याने गातात. गाण्याने जनावर दूर राहतं, हाही अनुभव. कॅमेरे आले तशी गाणी कमी झाली, आवाज दबले. कॅमेरा टाळायचा म्हणून काही जणी अनोळखी भागात शिरू लागल्या आणि तिथे धोका जास्त. एका बाईचा शौचाला बसलेल्या अवस्थेतला फोटो कॅमेऱ्यातून निघून गावातल्या मोबाइलांवर फिरला. चिडलेल्या गावकऱ्यांनी कॅमेरे फोडले.

कॅमेरे काढून टाका, असं यावरून कोणी म्हणू नये. सरिस्कासारखी फसवणूक पुन्हा व्हायची नसेल तर ते हवेतच. पण नियम हवेत, आणि ते अवघड नाहीत. प्राणी, माणसं आणि रिकामे फोटो वेगळे करणारी संगणकीय व्यवस्था गणनेत आजही वापरली जाते. माणसाचा फोटो कोणी पाहण्याआधी तिच्याकडूनच पुसून टाकता येतो. पाणंद, नदीचा घाट, शौचाची जागा अशा ठिकाणी पेटी नको. कॅमेरे कुठे आणि किती दिवस आहेत ते आधी ग्रामसभेला सांगावं. २००६ च्या वनहक्क कायद्याने वन्यजीव आणि जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलाच आहे, तेव्हा हे उपकार ठरत नाहीत. आणि गणनेच्या अहवालात शास्त्रज्ञांच्या यादीनंतर बीटनिहाय वनरक्षकांची आणि वनमजुरांची नावंही छापावीत. अहवाल शेकडो पानांचे असतात, त्यांत आणखी काही पानं सहज मावतील.

२०२२ नंतरची फेरी २०२६ ची आहे. तिचा आकडा येईल तेव्हा वाघ वाढले की घटले हे आपण विचारूच. त्याबरोबर हेही विचारा, की कॅमेऱ्यात आलेल्या माणसांच्या फोटोंचं काय केलं, आणि झाड दाखवणाऱ्याचं नाव अहवालात कोणत्या पानावर आहे.